पुढची सीट कोणाची?

रविवारी सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास आमच्या घरी अमेरिकेचा फोन येतो. तिकडे शनिवारची रात्र असते. मी पोह्यांना फोडणी देत असते, हे पेपर चाळत असतात आणि सासूबाई पूजा आटोपून, ‘‘आवाज मोठा कर गं,’’ म्हणत फोनसमोर खुर्ची ओढून बसतात. २०२४ च्या मार्चमधल्या अशाच एका रविवारी धाकटे भाऊजी एकदम खुशीत होते. त्यांची लेक शाळा संपवून कॉलेजात जाणार होती. त्या समारंभासाठी त्यांनी सासूबाईंना न्यू जर्सीला बोलावलं होतं आणि त्यांच्या सोबतीला मला. मे अखेरीची दोघींची तिकिटंही काढून झाली होती.

‘‘वहिनी, एक गंमत सांगतो,’’ भाऊजी म्हणाले. ‘‘माझ्याकडे विमानाचे पॉइंट साठलेत. एका बाजूचं एक तिकीट बिझनेस क्लासमध्ये अपग्रेड होतंय. एकच होईल हं, दोन नाही. आईला पुढे बसवू, तुम्ही मागे बसा. चालेल ना?’’

‘‘चालेल की!’’ मी म्हटलं. आपल्या तोंडून ‘चालेल’ किती पटकन निघतं ना? विचार मागाहून येतो.

सासूबाईंनी विचारलं, ‘‘किती पैसे पडतात त्याला?’’

‘‘पैसे नाही गं आई, पॉइंट. फुकट आहे.’’

‘‘फुकट काही नसतं बाबा,’’ सासूबाई म्हणाल्या आणि पोह्यांची बशी पुढे ओढली.

मैत्रिणींनो, हे पॉइंट प्रकरण मलाही तोवर धड माहीत नव्हतं. मी मराठी साहित्य घेऊन बी.ए. झालेली बाई. विमानात बसले होते ती एकदाच, नातेवाइकांच्या लग्नाला. पण पुढचे दोन महिने आमच्या घरात या पॉइंटवरून जे काही झालं, त्यातून मी बरंच शिकले. आता घराघरातलं कोणी ना कोणी परदेशात आहे. आपल्या श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगावच्या गल्ल्यांतून पुणे-मुंबईमार्गे निम्मी तरुण मंडळी तिकडे गेलीत. तेव्हा हा प्रश्न आज ना उद्या तुमच्याही दारात येईल, म्हणून लिहिते.

पॉइंट म्हणजे काय, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ नये म्हणून दुकानदारानं दिलेली चिठ्ठी. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सनं ही योजना मोठ्या प्रमाणावर सुरू केली, मग जगभरच्या कंपन्यांनी तीच वाट धरली. आपल्या एअर इंडियाची योजना बरीच वर्षं ‘फ्लाइंग रिटर्न्स’ या नावानं ओळखली जायची, आता तिला ‘महाराजा क्लब’ म्हणतात. विमानानं जितकं हिंडाल तितके पॉइंट जमतात. शिवाय बँकेचं ठरावीक क्रेडिट कार्ड वापरलं, तर किराणा, पेट्रोल, मुलांच्या फिया, सगळ्यावर पॉइंट मिळतात. साठले की त्यांवर तिकीट काढा, नाहीतर साध्या तिकिटाचं वरच्या वर्गात रूपांतर करा.

ऐकल्यावर मला आमची भांडेवालीच आठवली. जुन्या साड्या घेऊन स्टीलची भांडी देणारी. तिच्यासमोर आपण चार साड्या टाकल्या की ती पातेलं उचलून दाखवते. ‘‘अजून एक जरीची द्या ताई, मग जमतंय,’’ म्हणते. साडीचा भाव तीच ठरवणार, पातेल्याचाही तीच. विमान कंपनीचंही तेच. आज जी सीट इतक्या पॉइंटला मिळते ती उद्या दीडपट पॉइंटला होऊ शकते, आणि आपण काही बोलू शकत नाही. पुन्हा अटी आहेतच. अगदी स्वस्तातलं तिकीट असेल तर पुष्कळदा अपग्रेड होतच नाही. झालं तरी पुढे जागा शिल्लक हवी. नाव प्रतीक्षायादीत लटकतं. वर कर आणि काही शुल्क रोख भरावं लागतं ते वेगळंच. ठरावीक काळ खातं वापरलं नाही तर अनेक योजनांत पॉइंट बादही होतात.

आणि कंपनीच बुडाली तर? किंगफिशरची विमानं २०१२ च्या ऑक्टोबरात जमिनीवर आली, तेव्हा तिचे पॉइंट जमवून बसलेल्यांच्या हाती काहीच उरलं नाही. जेट एअरवेज २०१९ च्या एप्रिलमध्ये बंद पडली. तिची पॉइंटची योजना वेगळ्या कंपनीकडे होती म्हणून तगली, पण ज्या विमानांसाठी ते जमवले ती विमानंच राहिली नाहीत. विस्ताराचं नशीब बरं. ती २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये एअर इंडियात विलीन झाली आणि पॉइंट तिकडे वळते झाले. सांगायचं काय, की पॉइंट म्हणजे सोनं नव्हे. तिजोरीत ठेवून वाढत नाहीत. झाले तर कमीच होतात.

हे सगळं कळल्यावर माझं मत झालं, की असले तर वापरून टाकावेत. सासूबाई तेव्हा शहात्तर वर्षांच्या होत्या. दोन्ही गुडघे गेलेले. मुंबईहून थेट गेलं तरी पंधरा-सोळा तासांचा प्रवास. पुढे आडवं होता येईल, पाय पसरता येतील. मग आणखी कशाची वाट पाहायची?

पण मनात एक काटा होता. तो माझ्या कामामुळे.

मी गेली बारा-तेरा वर्षं ऊसतोड कामगारांच्या बायकांसाठी थोडंफार काम करते. दिवाळीच्या आगेमागे पाथर्डी, शेवगावकडची, शेजारच्या बीड जिल्ह्यातली माणसं आमच्या भागातल्या साखर कारखान्यांवर येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे ‘कोयता’च म्हणतात. माणसं नाहीत, कोयता! ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खाली भांडीकुंडी, ज्वारीची पोती, कोंबड्यांची डालगी आणि त्या सगळ्यावर बायका बसलेल्या. कुणाच्या मांडीवर महिन्याचं लेकरू. रात्रभराचा प्रवास. वाटेत लघवीला उतरायचं तर ट्रक थांबवायला सांगायचं कोणी? म्हणून त्या दुपारपासून पाणीच पीत नाहीत. पोचल्या की कोपी उभी करायची आणि दुसऱ्या पहाटे फडात.

असं सगळं पाहून घरी यायचं आणि बिझनेस क्लासच्या गप्पा मारायच्या, मला लाजच वाटायला लागली. एकदा कोपीवर बसले असताना तिथल्या एका बाईजवळ मी बोलूनही गेले. म्हटलं, ‘‘आमच्या म्हातारीला विमानात पुढं बसवायचं चाललंय.’’

तिनं कपाळाला आठ्या घातल्या नाहीत की टोमणा मारला नाही. ‘‘झोपाया मिळतं का तिथं?’’ एवढंच विचारलं.

‘‘मिळतं.’’

‘‘मंग झोपू द्या की ताई म्हातारीला. तुम्ही न्हाई झोपवलं म्हणून मला काय गादी येनाराय का?’’

मला हसू आलं, पण ते वाक्य डोक्यात राहिलं. आपण स्वतःवर काहीतरी कमी खर्च केला की गरिबांसाठी काहीतरी केलं असं आपल्याला वाटतं. तसं काही नसतं. तिच्या ट्रकचा प्रश्न सोडवायचा तर मुकादमाशी, कारखान्याशी भांडावं लागेल, प्रवासाला धड बस मागावी लागेल. माझ्या सासूबाईंनी विमानात अवघडून बसल्यानं तो सुटणार नाही.

आपल्या जिल्ह्याला आता जिचं नाव आहे, ती अहिल्याबाई आपल्याच जामखेड तालुक्यातल्या चौंडीची. १७२५ चा जन्म. देशभर तिनं घाट बांधले, विहिरी खोदल्या, धर्मशाळा उभारल्या. दमलेल्या वाटसरूला पाठ टेकायला जागा मिळावी, प्यायला पाणी मिळावं, यात तिनं पुण्य मानलं. प्रवाशाचा आराम म्हणजे चैन, असं तिला वाटलं असतं तर धर्मशाळा कशाला बांधल्या असत्या? तेव्हा आराम वाईट नाही. तो थोड्यांनाच मिळतो, हे वाईट.

या बाबतीत आपली एसटी मला फार आवडते. एसटीची पहिली गाडी धावली तीच मुळी नगर ते पुणे, १ जून १९४८ ला. लाकडी बॉडी, काथ्याच्या सीटा, तीस माणसांची बस. लक्ष्मण केवटे तिचे वाहक होते आणि किसन राऊत चालक. त्या गाडीत पहिला वर्ग, दुसरा वर्ग असलं काही नव्हतं, आजही साध्या गाडीत नाही. पाटील आणि त्यांचा गडी एकाच बाकावर. अपग्रेड म्हणाल तर खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा! २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली आणि १७ मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट. सासूबाई आता माहेरी, बहिणीकडे, मनात येईल तेव्हा जातात. हे त्यांचे पॉइंट. शहात्तर वर्षं जगून कमावलेले.

पण एसटीत वर्ग नसले तरी घरात होते, हे मला सासूबाईंनीच सांगितलं.

झालं असं, की आम्ही सगळे मिळून त्यांना पुढे बसवायचं ठरवत होतो, आणि त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. हे सुचलं तेही मला उशिराच. एका संध्याकाळी मेथी निवडताना मी म्हटलं, ‘‘आई, तुम्हाला खरंच पुढे बसायचंय का? एकट्या असाल तिथं. मी मागे. बोलायला मराठी कोणी असेल-नसेल.’’

मला वाटलं होतं, त्या म्हणतील, ‘नको गं बाई, कशाला ते थेर.’ त्या म्हणाल्या, ‘‘बसायचंय. हो, बसायचंय मला पुढं.’’

मग म्हणाल्या, ‘‘लगीन होऊन आले तवापासून एसटीत बसायची ती चाकावरच्या सीटवर. खिडकी तुझ्या सासऱ्यांना. मग पोरं झाली, मग खिडकी पोरांना. मांडीवर पिशव्या, पायात डबा. उलटी आली तर पदरात. जीपमधी गेलो तर मी मागच्या फळीवर. कोणी ‘मागं बस’ असं म्हणलं न्हाई हां कधी. पण ‘पुढं बस’ असंबी कोणी म्हणलं न्हाई.’’

मी निवडलेली मेथी तशीच हातात धरून बसले. बावीस वर्षं मी या बाईबरोबर राहतेय. मला वाटायचं, त्यांना मागची जागा आवडते.

तर मग प्रश्न मिटला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. त्या रविवारी मी भाऊजींना आनंदानं सांगितलं, ‘‘आईंची फार इच्छा आहे. करून टाका अपग्रेड.’’ भाऊजी ‘‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’’ असं मागे वळून जाऊबाईला म्हणाले. ती पडद्यावर दिसत होती. एरवी ती माझ्याशी पाच मिनिटं तरी बोलल्याशिवाय फोन ठेवत नाही. त्या दिवशी ‘‘हो, करूयात,’’ म्हणाली आणि कपडे वाळवायला निघून गेली. रात्री अकराला!

बाईचं गप्प बसणं बाईला कळतं. दुसऱ्या दिवशी ती कामाला जाताना गाडीत असते त्या वेळेला मी तिला फोन लावला. ‘‘काय झालं ते खरं सांग,’’ म्हटलं. आधी ‘काही नाही, काही नाही’ झालं. मग रडायला लागली.

तिची आई नाशिकला असायची. २०१८ च्या नोव्हेंबरात एका रात्री भावाचा फोन आला, आईला अतिदक्षता विभागात ठेवलंय, निघता आलं तर निघ. तिनं तिकिटं बघितली. दुसऱ्या दिवशीचं तिकीट एरवीच्या कितीतरी पट. त्यांनी तेव्हा नुकतंच घर घेतलेलं, हप्ते डोक्यावर. आई सावरेलही कदाचित, असं म्हणत नवरा-बायको दीड दिवस हिशेब करत बसले. तिसऱ्या दिवशीचं जरा स्वस्त मिळालं ते काढलं. ती नाशिकला पोचली तेव्हा अग्नी देऊन बारा तास झाले होते.

‘‘वहिनी, तेव्हापासून मी ते पॉइंट जमवते,’’ ती म्हणाली. ‘‘भाजी घेतली तरी त्याच कार्डावर. माझे बाबा अजून आहेत. आई आहेत, तुम्ही आहात. पुन्हा कधी रात्री फोन आला तर मला किंमत बघायची नाहीये. नुसतं उठून निघायचंय.’’

खातं भाऊजींच्या नावावर, म्हणून पॉइंट भाऊजींचे. साठवण मात्र हिची. अहो, हे तर आपल्या डाळीच्या डब्यातल्या नोटा झाल्या! अडीनडीला म्हणून आपण डब्याच्या तळाशी पाचशेची नोट दडवतो, आणि एक दिवस ती सापडली की घरातले म्हणतात, ‘अरे वा, पैसे निघाले, चला हॉटेलात जाऊ!’ हेतू वाईट नसतो कुणाचाच. आईला सुखात आणावं असं मुलाला वाटणं किती चांगलं. पण ती नोट कशासाठी ठेवली होती, हे विचारायचं राहून जातं.

‘‘मग बोलली का नाहीस?’’ मी विचारलं.

‘‘काय बोलू? सासूला बिझनेस क्लास नको म्हणाली, असं झालं असतं.’’

खरंच आहे. तिनं तोंड उघडलं असतं तर आम्हीच नावं ठेवली असती. मीसुद्धा.

आता आली का पंचाईत! एका बाजूला शहात्तर वर्षांची बाई, जिनं जन्मात पहिल्यांदा काही मागितलंय. दुसऱ्या बाजूला चाळिशीतली बाई, जिला आईचं तोंड पाहायला मिळालं नाही. आणि पॉइंट एकीलाच पुरतील एवढे. मी दोन दिवस कोणाला काहीच बोलले नाही. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या त्याच क्षणी ‘राहू दे’ म्हणणार, हे मला ठाऊक होतं. आणि मला तेच नको होतं. पुन्हा एका बाईनं दुसऱ्या बाईसाठी मागे सरकायचं, आणि घरातल्या बाप्यांनी ‘आपल्या बायका किती समजूतदार’ म्हणून मोकळं व्हायचं. किती दिवस?

शेवटी मी यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. म्हटलं, ‘‘पॉइंट तिचे आहेत. आई तुम्हा दोघा भावांची आहे. आईला पुढे बसवायचं तर तुमच्या दोघांच्या खिशातून बसवा.’’

हे जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘बिझनेसचे रोख पैसे आपल्याला झेपायचे नाहीत.’’ तेही खरंच होतं. दोघा भावांचं बोलणं झालं. तेव्हा कळलं, की साधी इकॉनॉमी आणि बिझनेस यांच्यामध्ये काही विमानांत आणखी एक वर्ग असतो, प्रीमियम इकॉनॉमी. झोपून जाता येत नाही, पण खुर्ची रुंद, पाठ जास्त मागे जाते, पाय ठेवायला पट्टा, आणि बसायची जागा पुढच्या अंगाला. जायच्या बाजूची दोघींची तिकिटं भावांनी अर्धा-अर्धा भार घेऊन त्यात बदलून घेतली. यांनी त्या वर्षी मोटारसायकल बदलायची ठरवली होती, ती बदलली नाही. येताना साधी. पॉइंट जिथल्या तिथे राहिले.

जाण्याआधी डॉक्टरांना विचारून घेतलं. एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगते. लांबच्या प्रवासात पायांत रक्ताची गाठ होण्याच्या दुखण्याला पूर्वी ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ म्हणायचे. त्यामुळे पुष्कळांना वाटतं की वरच्या वर्गात बसलं की धोका टळला. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये याचा अहवाल दिला होता. चार तासांच्या वर एका जागी बसून प्रवास केला तर हा धोका साधारण दुप्पट होतो, मग ते विमान असो, रेल्वे असो की बस. निरोगी माणसांत तरीही तो सहा हजारांत एखाद्याला. म्हणजे खरा दोष खुर्चीच्या किमतीपेक्षा न हलता बसण्याचा. तेव्हा वाटेकडची सीट घ्या, दर तास-दोन तासांनी उठा, पाय हलवत राहा, पाणी प्या. ज्यांना आधीचा त्रास आहे त्यांनी घट्ट मोजे किंवा औषध लागेल का, ते डॉक्टरांनाच विचारा. आणि बायांनो, विमानात संडास असतो. आपली ती दुपारपासून पाणी न पिण्याची सवय तिथं तरी सोडा.

दुसरी गोष्ट व्हीलचेअरची. वयस्कर माणसाला चालवत नसेल तर तिकीट काढतानाच सांगून ठेवायचं. विमानतळावर माणूस येतो, खुर्चीतून थेट दारापर्यंत नेतो, त्याचे पैसे पडत नाहीत. इंग्रजी येत नाही म्हणून घाबरणाऱ्या आपल्या कितीतरी आज्या याच खुर्चीच्या आधारानं अमेरिकेला पोचतात. पण खरी गरज असेल तरच मागा. नाहीतर ज्याला पाऊल टाकता येत नाही तो ताटकळतो. आणि तिसरं, आदल्या दिवशीच मुंबई गाठा. आपल्या जिल्ह्यात काकडीला शिर्डीचं विमानतळ २०१७ मध्ये झालं खरं, पण अमेरिकेला जायचं तर आम्हाला मुंबईचीच वाट. इथून सहा-सात तास जीपमध्ये हादरे खाऊन लगेच पुढे सोळा तास बसायचं, हे तरण्या माणसालाही जड जातं. आम्ही एक रात्र डोंबिवलीला नणंदेकडे राहिलो. त्या एका रात्रीचा आराम बिझनेस क्लासहून कमी नव्हता.

विमानात सासूबाई खिडकीपाशी बसल्या. ‘वाटेकडची घ्या,’ असं मी एवढं घोकून गेलेली, पण त्यांनी ऐकलं नाही. ‘‘खिडकी माझी,’’ म्हणाल्या. मग दर दीड तासानं मी त्यांना उठवायची, पलीकडच्या माणसाची माफी मागायची आणि दोघी मागेपर्यंत एक फेरी मारून यायचो. पहिल्या फेरीत त्यांनी मागच्या गच्च भरलेल्या रांगा पाहिल्या. कडेवर रडणारं पोर घेऊन एक तरुण मुलगी उभी होती. सासूबाई हळूच मला म्हणाल्या, ‘‘हिला द्यायला पायजे ती पुढची झोपायची जागा.’’

झोप त्यांना फारशी लागली नाही. सकाळ-दुपार काही कळेना, सारखं ‘किती वाजले’ विचारत होत्या. उतरल्यावर भाऊजींनी विचारलं, ‘‘कसं वाटलं आई?’’ म्हणाल्या, ‘‘खुर्ची चांगली होती. चहा काही खरा नव्हता.’’ १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या, त्या जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. अठरा वर्षांची पोर, दोन महिने समुद्रावर, परक्या माणसांत. मी हे सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘‘मग आपण काय, आलो की एका रात्रीत!’’

जाऊबाईचं गुपित मी त्यांना तिकडे गेल्यावर महिनाभरानं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी जाऊ कामावरून आली तेव्हा तिच्या पुढ्यात चहाचा कप ठेवून म्हणाल्या, ‘‘तुझे ते पाईंट कोणाला देऊ नको.’’ एवढंच.

मैत्रिणींनो, बिझनेस क्लासला माझा विरोध नाही. गुडघे धरलेत, पाठीचं ऑपरेशन झालंय, आणि पॉइंट बाद व्हायला आलेत, तर खुशाल वापरा, त्यात पाप नाही. फक्त पॉइंटच्या मागे लागून गरज नसलेल्या वस्तू घेऊ नका. क्रेडिट कार्डाचं बिल वेळेवर भरलं नाही तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं. आमच्या बचत गटातल्या बाईला विचारा, ती सांगेल हा सावकारी दर झाला. त्यापुढे कसले पॉइंट आणि कसली सीट!

पण जमलेले पॉइंट खर्च करायच्या आधी दोन प्रश्न घरात मोठ्यानं विचारा. हे कोणी आणि कशासाठी साठवले? आणि ज्याच्यासाठी खर्च करतोय, त्याला काय हवंय? आमच्या घरी हे दोन्ही प्रश्न शेवटी विचारले गेले, तेही नशिबानं. जाऊबाईचे वडील आता ऐंशीच्या पुढे आहेत. तब्येत बरी आहे. पॉइंट अजून तसेच आहेत, आणि ते कधी लागू नयेत असं आम्हा सगळ्यांनाच वाटतं.

सासूबाईंचं म्हणाल, तर त्या आता जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसतात. न विचारता. मागच्या महिन्यात राहुरीला लग्नाला निघालो तेव्हा हे सवयीनं पुढे बसायला गेले, तर त्या आधीच तिथं पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या. हे मुकाट मागे आले आणि माझ्या शेजारी फळीवर बसले. पहिल्याच खड्ड्यात डोकं टपाला लागलं तेव्हा म्हणाले, ‘‘इथं फारच आदळतं गं!’’

मी म्हटलं, ‘‘हो ना.’’